डोंबिवली ते नागपूर: विमानाने किती लांब, रेल्वेने किती लांब, समृद्धीने किती लांब

जानेवारीत नागपूरला जाऊन आलो. आत्याच्या नातीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, रविवारी. आई-बाबा म्हणाले आम्ही आपले विदर्भ एक्सप्रेसनेच येणार, कल्याणला रात्री बसलं की सकाळी नागपूर. मला मदतीसाठी शुक्रवारीच पोचायचं होतं म्हणून मी विमान घेतलं. आणि येताना दादाला, म्हणजे आत्याच्या मुलाला, ठाण्यात काम होतं तर आम्ही सगळे त्याच्या गाडीतून समृद्धीने आलो. म्हणजे एकाच घरातल्या माणसांनी एकाच वेळी तिन्ही वाटा केल्या आणि मी सगळ्या वेळा फोनमध्ये लिहून ठेवल्या, कारण मुंबई-नागपूर अंतर शोधलं की कुठे ६८० किलोमीटर येतं, कुठे ७०१, कुठे ८३७, आणि तिन्ही आकडे बरोबर आहेत. हवेतून सरळ रेघ मारली तर साधारण ६८०, समृद्धी महामार्ग ७०१, आणि सीएसएमटीपासून रेल्वेने ८३७. पण घरातून निघून घरात पोचायला किती वेळ लागतो ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि आपल्याला तर तेच हवं असतं ना.

शुक्रवार

पहाटे सव्वाचारला डोंबिवलीतून टॅक्सी. रस्ते रिकामे, साडेपाचच्या आत विमानतळावर. विमान सात दहाचं, तिकिटावर पोचायची वेळ आठ पन्नास. म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. आता ६८० किलोमीटरला जेट विमानाला इतका वेळ कशाला, ताशी आठशेने धरलं तरी पन्नासेक मिनिटांत व्हायला पाहिजे, असं कुणालाही वाटेल. पण तिकिटावरची वेळ असते ती गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला उभं राहीपर्यंतची, त्यात धावपट्टीकडे रांगेत जाणं, चढणं, उतरणं सगळं आलं. आणि मुंबईत बहुतेक वेळा विमान पश्चिमेला तोंड करून उडतं, म्हणजे जायचंय पूर्वेला आणि आधी समुद्रावर जाऊन वळसा. आम्हीही तसेच गेलो. सात पस्तीसला चाकं सुटली, खाली जुहूचा किनारा, मग पाणी, मग मोठं वळण घेऊन पुन्हा शहरावर.

ज्यांना असल्या गोष्टीत रस आहे त्यांच्यासाठी: फोन फ्लाइट मोडवर असला तरी जीपीएस चालतं, खिडकीजवळ धरला की वेग, उंची, मार्ग सगळं दिसतं. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, वर नेट नाही. आणि जमलं तर उजव्या हाताची खिडकी घ्या. सकाळचं ऊन येतं पण खाली काय काय दिसतं! आधी सह्याद्रीच्या धारा, मग नगरकडचा कोरडा पट्टा, आणि संभाजीनगरच्या आसपास जायकवाडीचं पाणी, इतकं मोठं की क्षणभर खाडी वाटते. लोणार त्याच बाजूला पुढे आहे, मी काच सोडली नाही पण तिथे पोचेपर्यंत खाली धुरकट झालं होतं.

वेग ताशी ९३० वर गेला होता. हिवाळ्यात वरती पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, मुंबईहून नागपूरला जाताना तो पाठीमागून मिळतो, येताना तोच समोरून लागतो. म्हणून एकाच अंतराला जायचा वेळ वेगळा आणि यायचा वेळ वेगळा. पावसाळ्यात वरच्या थरात वारा उलट, पूर्वेकडून असतो.

माझ्या शेजारी आर्वीकडच्या एक आजी होत्या. मुलीच्या बाळंतपणाला मुंबईत आल्या होत्या, आता परत चालल्या होत्या, नागपुरात नातू घ्यायला येणार होता. विमानात पहिल्यांदाच, पण घाबरणं वगैरे काही नाही, पट्टा लावून अगदी आरामात बसल्या होत्या. सव्वाआठच्या पुढे विमान उतरायला लागलं आणि मग घोषणा झाली की नागपूरला धुकं आहे, धावपट्टी नीट दिसत नाहीये, आपण थोडा वेळ वरच थांबतोय. थांबतोय म्हणजे घिरट्या. लांबट अंडाकृती गोल, एक फेरी साधारण चार मिनिटांची, एका बाजूला सूर्य, मग दुसऱ्या बाजूला सूर्य. आजींनी दोन फेऱ्या बघितल्या आणि विचारलं, "काहून फिरून राह्यलं जी हे? गाव सापडून नाही राह्यलं का?" मी सांगितलं धुकं आहे. "मंग बरोबर हाय. दिसल्याबिगर कसं उतरंन," म्हणाल्या, आणि पिशवीतून तिळाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. संक्रांत नुकतीच झालेली. जीपीएसवर माझ्या मार्गाची रेघ नागपूरच्या जवळ येऊन एकाच जागी गरगरत होती, मी ते बघत लाडू खाल्ला. चांगला झाला होता, गूळ एकदम काळा आणि तीळ खरपूस भाजलेले.

नऊ बाराला उतरलो. म्हणजे हवेत एक तास सदतीस मिनिटं, धुकं नसतं तर सव्वा तासाच्या आतच झालं असतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे फोनने एकूण अंतर मोजलं होतं ८६५ किलोमीटर! समुद्रावरचा वळसा, घिरट्या, उतरायच्या आधीचं वळण सगळं धरून. म्हणजे त्या दिवशी विमान रेल्वेपेक्षाही जास्त किलोमीटर फिरलं. मला हे फार आवडलं, मी तो स्क्रीनशॉट जपून ठेवलाय.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरला सकाळचं पहिलं विमान घेत असाल तर पुढची कामं त्याला चिकटून ठेवू नका. दुपारच्या विमानाला धुक्याचा त्रास नाही. आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं तेव्हा विमानाची तिकिटं आणि हॉटेलं दोन्ही महाग, शक्य असेल तर तो काळ टाळा.

सोनेगावचं विमानतळ छोटं आहे, सामान चटकन मिळतं, धावपट्टीच्या कडेला मिहान प्रकल्पात विमान दुरुस्तीची मोठी हँगर्स दिसतात. मेट्रोचं स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलमधून थेट दारात नाही, सामान जास्त असेल तर सरळ रिक्षा करा. मला घ्यायला दादा आला होता. प्रतापनगरला आत्याच्या दारात दहा दहाला पोचलो. घर ते घर पाच तास पंचावन्न मिनिटं, त्यात हवेत फक्त एक सदतीस.

आत्या दारातच, "आला का बाबू! केव्हाची वाट पाहून राह्यली मी. तुमचं विमान वरतीच फिरून राह्यलं होतं म्हणे? चाल, हातपाय धू, पोहे थंडे होऊन राह्यले." तर्रीपोहे. दादाने येताना ठेल्यावरून तर्री बांधून आणली होती, काळ्या चण्याची, वर तेलाचा लाल तवंग, पोहे आत्याचे घरचे, त्यावर कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू. बाहेर बारा-तेरा डिग्री, अंगणात ऊन, हातात ती प्लेट. पुण्यामुंबईत तर्रीपोहे म्हणून जे मिळतं ते खाऊन कुणी मत बनवू नका, एवढीच विनंती.

बाकीचा दिवस कामात. मंडप, भाजी, सांबारवडीसाठी दोन पोती सांबार निवडायला अख्खी गल्ली बसली होती.

शनिवार

सकाळी आई-बाबा आले. आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला घर सोडलेलं, आत्याकडे पोचले दहा वाजायच्या जरा आधी. पंधरा तास. पण बाबांचं म्हणणं की त्यातले आठ तास मी झोपलो, तू पहाटे तीनला उठला होतास, मग जास्त प्रवास कोणाचा झाला? आणि बघितलं तर बाबा एकदम ताजेतवाने होते आणि मी आदल्या दिवशी दुपारी चारला गादीवर आडवा.

रेल्वेचं अंतर इतकं जास्त का याचं कारण नकाशात बघितलं की कळतं. गाडी कसारा घाट चढते, मग मनमाड, जळगाव, भुसावळ अशी वर खानदेशात जाते आणि तिथून अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूर. जीआयपी, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात न्यायचा होता, लाइन त्या हिशोबाने टाकली, नागपूरला गाडी पोचली १८६७ मध्ये. आजही आपण त्याच कापसाच्या वाटेने जातोय. कल्याणहून बसलं तर सीएसएमटीपेक्षा पन्नासेक किलोमीटर कमी होतात तेवढेच.

दुपारी थोडा वेळ मिळाला तर आत्याच्या शेजारचे काका म्हणाले चल तुला झीरो माईल दाखवतो, म्हणजे इथून गावांची अंतरं मोजायचा जुना दगड, अंतरं मोजत फिरतोयस म्हणे. काका टपाल खात्यातून रिटायर्ड, पंचाहत्तरीचे, पण चालण्यात मी मागे. मेट्रोने गेलो, झीरो माईल फ्रीडम पार्क नावाचं स्टेशनच आहे, उतरलं की समोरच. वालुकाश्माचा उंच स्तंभ, बाजूला चार घोडे, आणि एक षटकोनी दगडी चौथरा ज्यावर अंतरं कोरली आहेत. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, चांदा (म्हणजे चंद्रपूर) १२५, बैतूल १०१, छिंदवाडा ८३, शिवनी ७९. मुंबईचं नाव नाही, दिल्लीचं नाही. इथून जिथे जिथे वाटा जायच्या तेवढीच गावं. हैदराबादचे ३१८ मैल म्हणजे ५१२ किलोमीटर, हायवेने आजही साधारण तेवढेच आहेत, आणि विमानाच्या सरळ रेघेत मोजलं तर ४३० च्या आसपास. रस्त्याचं अंतर आणि आकाशातलं अंतर यातला फरक त्या दगडासमोर उभं राहून जसा कळतो तसा कुठे कळणार नाही.

हे सगळं काम सर्व्हेवाल्यांचं. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे इंग्रजांनी त्रिकोण आखून केलेली अख्ख्या हिंदुस्थानची मोजणी. विल्यम लॅम्बटन या माणसाने १८०२ मध्ये मद्रासला पायाची रेषा मोजायला घेतली, साखळी जमिनीवर टाकून, आणि मग डोंगरावरून डोंगरावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लावत त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे येत राहिला. वीस वर्षं. आणि नागपूरला पोचता पोचता, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर. काम पुढे एव्हरेस्टने नेलं, ज्याचं नाव शिखराला आहे ते सगळ्यांना माहीत, लॅम्बटन कुणाला माहीत नाही, आणि तो आपल्या वर्धा जिल्ह्यात झोपलाय. हिंगणघाटला जायला या वेळी वेळ नव्हता, पण मला जायचंय.

मग काकांनी बाकावर बसून जे सांगितलं ते मला या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त आवडलं. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल, आणि मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत, पहाटेपर्यंत. म्हणजे संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. हे का जमायचं तर अंतरामुळे. नागपूरहून हवेतून मुंबई ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९०० आणि कोलकाता हजाराच्या जरा आत. त्या काळातली डाकोटा विमानं ताशी तीनशेच्या आतबाहेर जायची, म्हणजे मुंबईहून सव्वादोन-अडीच तास आणि कलकत्त्याहून साडेतीनच्या आत. चार शहरांतून एका रात्रीत येऊन परत जाता येईल असं हे मधलं गाव. काकांचे वडील तेव्हा टपालाच्या सॉर्टिंगला होते. "बाबा रात्री साडेदहाला सायकलने सोनेगावले जात," काका म्हणाले, "थंडीच्या दिवसात कानाले मफलर गुंडाळून. चारही विमानं आली की एक-दीड तास नुसती धावपळ. एक विमान लेट झालं की बाकी तिघंही थांबून राहत. मग सकाळी घरी येऊन आम्हाले सांगत, आज मद्रासवाला उशिरा आला." लहानपणी काकांना वाटायचं मद्रासवाला हा कोणी माणूस आहे.

मी काकांना विचारलं की तुम्ही स्वतः विमानात बसलात का. दोनदा, म्हणाले, मुलाकडे बंगलोरला. नागपूर-बंगलोर हवेतून ८८५ किलोमीटर आहे हे त्यांना तोंडपाठ होतं.

इथे जाणार असाल तर सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, उन्हाळ्यात तर दुपारी नकोच. सीताबर्डीचा किल्ला जवळच टेकडीवर आहे पण तो सैन्याच्या ताब्यात, सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा ठराविक दिवशीच सोडतात. दीक्षाभूमी मात्र रोज बघता येते, आम्ही परतीच्या वाटेवर गेलो, आत त्या घुमटाखाली अजिबात आवाज नसतो, बसून राहावंसं वाटतं. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, तेव्हा रेल्वे तिकीट फार आधी काढावं लागतं.

रात्री दादाने सावजीला नेलं, इतवारीकडे. मटण, भाकरी, कांदा. पहिल्या घासाला काही वाटत नाही, तिसऱ्याला कानामागे घाम. हे मूळचं कोष्टी लोकांचं जेवण, विणकरांचं, आणि मसाला आजही प्रत्येकाच्या घरचा वेगळा. पहिल्यांदा जात असाल तर रस्सा थोडा घ्या, मागून घेता येतो.

रविवार

साक्षगंध. मुलगा अमरावतीचा, साधा आणि हसतमुख. जेवायला वडाभात, कढी, सांबारवडी, पाटोडी रस्सा, जिलबी. वडाभातावर हिंग-मोहरीच्या फोडणीचं गरम तेल घेऊन एक काका पंगतीत फिरत होते आणि नाही म्हणायची सोय नव्हती. जेवून झाल्यावर माणसं उन्हात खुर्च्या टाकून संत्री सोलत बसली, आंबिया बहाराची शेवटची संत्री होती, गोड, सालं सैल. नागपूरची संत्री न्यायची असतील तर बाजारातून कडक बघून घ्या, विमानात हातातल्या बॅगेत चालतात. संत्रा बर्फी दोन-तीन दिवसांत संपवा म्हणजे तिचा वास राहतो.

लग्न मे महिन्यात ठरलं. नागपूर, मे महिना. आईने तिथल्या तिथे सुती साड्यांची यादी सुरू केली.

सोमवार

पावणेसहाला निघालो, सव्वासहाला शिवमडक्याला समृद्धीवर लागलो. दादा, बाबा पुढे, मी आणि आई मागे. हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा भाग ५ जून २०२५ ला, त्यामुळे आता पूर्ण ७०१ किलोमीटर सलग जाता येतं. विमानाच्या रेघेला बराच धरून, इतका सरळ रस्ता. आणि हा सरळपणाच जपून हाताळायचा आहे. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा सगळे जिल्हे गेले पण गाव एकही आलं नाही, वळण नाही, सिग्नल नाही, वेगमर्यादा १२० आणि डोळे जड होतात. दादाचा नियम दीड तासाला थांबायचंच, झोप येवो न येवो, आणि तो त्याने काटेकोर पाळला. कृपा करून तुम्हीपण पाळा. टायर निघायच्या आधी तपासून घ्या, जुन्या टायरवर इतका वेळ या वेगाने जाऊ नका. पाणी आणि खायचं बरोबर ठेवा, थांबायच्या जागा आहेत पण आपल्याला भूक लागेल तिथेच असतील असं नाही. आमच्याकडे आत्याने दिलेल्या पुऱ्या आणि उरलेल्या सांबारवड्या होत्या, जालन्याच्या पुढे गाडी थांबवून खाल्ल्या, थंड वड्या पण मस्त लागतात.

मला मौज वाटत होती की शुक्रवारी वरून बघितलेला प्रदेश आता खालून बघतोय. संभाजीनगरजवळ आलो तेव्हा मी फोनमधला विमानाचा मार्ग काढून आईला दाखवला, तो या रस्त्याच्या अगदी जवळून गेला होता. वरून तिथे पोचायला अर्धा तासही नव्हता लागला. आई म्हणाली पण तेव्हा तुला तुरीची शेतं दिसली का? नव्हती दिसली. इथे दोन्ही बाजूला काढणीला आलेली तूर आणि मधेच कापसाचे पांढरे पट्टे.

इगतपुरीला मोठा बोगदा, जवळजवळ आठ किलोमीटरचा. पूर्वी कसारा घाटात ट्रकच्या मागे जो वेळ जायचा तो इथे काही मिनिटांत संपतो, बाबांनी तर घड्याळ लावून बघितलं. आमण्याला पावणेतीनला बाहेर पडलो आणि मग भिवंडी-कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये अडकून डोंबिवलीत चारला घरी. ७०१ किलोमीटर साडेआठ तासात आणि उरलेलं थोडंसं अंतर सव्वा तासात. घर ते घर सव्वादहा तास.

म्हणजे धुकं धरून विमान सहा तास, गाडी सव्वादहा, रेल्वे पंधरा. एकटं असाल, कामाला जायचं असेल तर विमान. चौघं असाल आणि दोघं गाडी चालवणारे असतील तर समृद्धी, एकट्याने एका दमात चालवू नका. वयस्कर माणसं बरोबर असतील तर माझं मत रात्रीच्या गाडीलाच, माणूस आडवा होतो, चालतं फिरतं राहता येतं, आणि स्टेशनही गावाच्या मधोमध आहे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, लग्नसराईत पहिल्याच दिवशी संपतं, त्यामुळे मेच्या लग्नासाठी आम्ही मार्चातली तारीख कॅलेंडरवर आत्ताच लाल करून ठेवली आहे. बाबांची अट एकच, खालचा बर्थ. मी तेव्हा दोन दिवस आधी जाणार आहे, काकांना बरोबर घेऊन हिंगणघाटला.